कर्नलमध्ये प्रोसेसरच्या सुविधा चालू करताना: सीपीयूआयडीपासून एक्ससेव्हपर्यंत

एक्स८६ कुळातला प्रोसेसर कितीही नवा असला, तरी रीसेटनंतर तो १९७८ सालच्या ८०८६ सारखाच वागू लागतो. सोळा बिटांचा रिअल मोड असतो, पेजिंग (पेज टेबलांतून होणारे पत्त्यांचे भाषांतर) बंद असते आणि पुढच्या चार दशकांत त्यात भरलेल्या बहुतेक सुविधा निजलेल्या असतात. त्यांना एकेक करून जागे करण्याचे काम फर्मवेअर (मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) थोडेसे आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) बरेचसे करतो. वरवर पाहता हे काम म्हणजे एखाद्या नियंत्रक रजिस्टरमधला एक बिट १ करणे, म्हणजे दोन-तीन ओळींचा असेंब्ली कोड. परंतु त्या दोन ओळी लिहिण्याआधी काय तयार असायला हवे, हे न पाहता त्या लिहिल्या तर यंत्र एक तर तत्काळ रीसेट होते, किंवा, आणि हे अधिक वाईट, आठवड्यातून एकदा कुठल्यातरी प्रोग्रॅमचे उत्तर चुकते आणि कारण सापडत नाही.

सुविधा आपोआप चालू का नसतात, याचे उत्तर एव्हीएक्सच्या (एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचनांच्या) उदाहरणात नीट दिसते. २०११ साली आलेल्या सँडी ब्रिज पिढीत १२८ बिटांची एक्सएमएम रजिस्टरे वाढून २५६ बिटांची वायएमएम झाली. त्याआधी लिहिलेला कर्नल थ्रेड बदलताना एफएक्ससेव्ह या सूचनेने फक्त खालचे १२८ बिट जपून ठेवत असे. एव्हीएक्स सुरुवातीपासूनच चालू असते, तर अशा जुन्या कर्नलवर दोन प्रोग्रॅमनी ही रजिस्टरे वापरताच एकाचे वरचे अर्धे आकडे दुसऱ्याच्या हाती गेले असते, आणि कोणालाही त्याचा पत्ता लागला नसता. म्हणून प्रोसेसर विचारतो, की ही नवी रजिस्टरे सांभाळण्याची जबाबदारी तू घेतोस का? तो बिट १ करणे म्हणजे त्या जबाबदारीवर कर्नलने केलेली सही आहे. पुढची सगळी पावले याच दृष्टीने वाचावीत: आधी जबाबदारी पार पाडायची तयारी, मग सही.

या लेखात असे गृहीत धरले आहे की वाचकाचा कर्नल ६४ बिटांच्या लाँग मोडमध्ये पोहोचला आहे, पहिला कोअर चालू आहे आणि असेंब्ली व सी यांचा परिचय आहे. बिटांचे क्रमांक नेहमीप्रमाणे शून्यापासून मोजले आहेत.

आधी अपवाद पकडण्याची सोय

कोणताही बिट बदलण्यापूर्वी इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबल भरलेले असावे आणि किमान चार अपवादांचे हँडलर काम करत असावेत: इनव्हॅलिड ऑपकोड (क्रमांक ६), डबल फॉल्ट (८), जनरल प्रोटेक्शन (१३) आणि पेज फॉल्ट (१४). डबल फॉल्टला टास्क स्टेट सेगमेंटमधून स्वतंत्र स्टॅक द्यावा. हे हँडलर फार हुशार असण्याची गरज नाही. अपवादाचा क्रमांक, एरर कोड, आरआयपी (सूचनेचा पत्ता) आणि सीआर२ व सीआर४ या नियंत्रक रजिस्टरांची मूल्ये सीरियल पोर्टवर छापून थांबणे एवढे पुरे आहे. पडद्यावर छापण्याच्या कोडवर या टप्प्यात विसंबू नये, कारण तो स्वतःच पेज टेबलांवर अवलंबून असतो. नियंत्रक रजिस्टरात राखीव बिट लिहिला किंवा नियमबाह्य जोडी साधली, तर प्रोसेसर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतो. हँडलर नसेल तर त्याचा डबल, मग ट्रिपल फॉल्ट होऊन यंत्र रीसेट होते आणि हातात काहीही पुरावा राहत नाही.

सीपीयूआयडीला नीट विचारणे

प्रोसेसरमध्ये काय आहे हे सीपीयूआयडी ही सूचना सांगते. ईएएक्समध्ये लीफचा (माहितीच्या पानाचा) क्रमांक टाकून ती चालवली, की उत्तर ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स या चार रजिस्टरांत येते. येथे नवशिके दोन ठिकाणी हमखास अडखळतात. पहिली जागा म्हणजे लीफची कमाल मर्यादा. लीफ ० विचारल्यावर ईएएक्समध्ये सर्वांत मोठ्या मूळ लीफचा क्रमांक येतो. त्यापलीकडचा लीफ इंटेलच्या प्रोसेसरला विचारला, तर तो शून्य न देता सर्वांत मोठ्या मूळ लीफचेच उत्तर परत देतो. म्हणजे ज्या यंत्रात लीफ ७ नाहीच, तेथे भलत्याच माहितीचे बिट सुविधांचे बिट म्हणून वाचले जातात. विस्तारित लीफची मर्यादा हेक्साडेसिमल ८००००००० या लीफमधून वेगळी वाचावी लागते. दुसरी जागा म्हणजे उपलीफ. लीफ ७ आणि लीफ डी यांना ईसीएक्समधून उपलीफचा क्रमांक लागतो, आणि ईसीएक्स शून्य करायचे राहून गेले तर आधीच्या हिशेबातला उरलेला आकडा उपलीफ म्हणून वापरला जातो. कोड मग कधी चालतो, कधी नाही, आणि कम्पायलरचा पर्याय बदलला की वागणूकही बदलते.

या लेखापुरते लागणारे बिट असे आहेत; नावांचे अर्थ पुढे त्या त्या जागी येतील. लीफ १ च्या ईसीएक्समध्ये बिट १७ म्हणजे पीसीआयडी, २६ म्हणजे एक्ससेव्ह, २७ म्हणजे ओएसएक्ससेव्ह, २८ म्हणजे एव्हीएक्स आणि ३१ म्हणजे आपण आभासी यंत्रात असल्याची खूण. लीफ ७, उपलीफ ० च्या ईबीएक्समध्ये बिट ० एफएसजीएसबेस, ७ एसएमईपी आणि २० एसएमएपी. त्याच लीफच्या ईसीएक्समध्ये बिट २ यूएमआयपी आणि ३ पीकेयू. लीफ ८००००००१ च्या ईडीएक्समध्ये बिट ११ सिसकॉल आणि २० एनएक्स.

ही सर्व उत्तरे बूटच्या वेळी एकदाच वाचून कर्नलच्या स्वतःच्या तक्त्यात साठवावीत. आभासी यंत्रात इंटेलच्या प्रोसेसरवर सीपीयूआयडीच्या प्रत्येक वापरागणिक ताबा हायपरव्हायझरकडे (आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जातो, म्हणून गरम, म्हणजे सतत चालणाऱ्या, वाटेवर ती पुन्हा पुन्हा चालवणे महागात पडते. मात्र साठवताना एक बारकावा ध्यानात ठेवावा: काही बिट प्रोसेसरची क्षमता सांगत नाहीत, तर कर्नलने आतापर्यंत काय चालू केले आहे त्याचे प्रतिबिंब दाखवतात. ओएसएक्ससेव्ह हा असाच बिट आहे. तो सीआर४ मधल्या बिट १८ ची नक्कल असतो. सीआर४ बदलण्यापूर्वी वाचलेले मूल्य साठवून ठेवले, तर कर्नलचा तक्ता कायम ‘एव्हीएक्स वापरता येत नाही’ असेच सांगत राहतो.

सापडले म्हणजे वापरायचे, असे नाही

सीपीयूआयडीने होकार दिला म्हणून सुविधा धड चालतेच असे मानू नये. २०१४ साली हॅस्वेल प्रोसेसरांतल्या टीएसएक्स (मेमरीवरचे व्यवहार एकसंध करणाऱ्या) सूचनांमध्ये दोष सापडला आणि इंटेलने त्या मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या, बदलता येणाऱ्या कोडमधून) बंद केल्या. एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरांवर यंत्र झोपून उठल्यावर आरडीरँड या सूचनेचे यादृच्छिक आकडे विश्वासार्ह राहत नव्हते, म्हणून लिनक्सने तेथे ती सुविधा लपवली. यावरून क्रम ठरतो: मायक्रोकोडची नवी आवृत्ती चढवायची असेल तर ती आधी चढवावी, सीपीयूआयडी नंतर वाचावे, आणि त्यानंतर दोषी मॉडेलांची यादी लावून तक्त्यातले बिट खोडावेत.

कर्नलमध्ये दोन तक्ते ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. एकात प्रोसेसर काय देऊ शकतो ते, तर दुसऱ्यात कर्नलने प्रत्यक्षात काय चालू केले आहे ते. उरलेल्या कर्नलने केवळ दुसऱ्याच तक्त्याला विचारावे. शिवाय बूटच्या आदेशओळीत प्रत्येक सुविधा बंद करण्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून द्यावा. ‘नंतर जोडू’ म्हटलेला हा पर्याय ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी यंत्र बूट होत नसते.

आभासी यंत्रांची आणखी एक गोष्ट आहे. एमएसआर (प्रोसेसरच्या मॉडेलनुसार असणारी, क्रमांकाने ओळखली जाणारी रजिस्टरे) वाचताना किंवा लिहिताना हायपरव्हायझर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देऊ शकतो. म्हणून ज्या रजिस्टराच्या अस्तित्वाची खात्री नाही, ते वाचणारे फंक्शन अपवाद सावरून ‘जमले नाही’ असे उत्तर देणारे असावे.

एनएक्स: लहानसा बिट, मोठा घोटाळा

डेटाच्या पेजवरून कोड चालू नये यासाठी पेज टेबलाच्या नोंदीतला बिट ६३ वापरतात. पण ईएफईआर या एमएसआरमधला (क्रमांक हेक्साडेसिमल सी०००००८०) बिट ११ म्हणजे एनएक्सई जोवर १ नाही, तोवर बिट ६३ हा राखीव मानला जातो आणि तो १ असलेल्या पेजला हात लावताच पेज फॉल्ट होतो. क्रम उघड आहे: आधी सीपीयूआयडीतला एनएक्स पाहावा, मग ईएफईआर वाचून त्यात एनएक्सई मिळवून परत लिहावे, आणि मगच पेज टेबलांत बिट ६३ लावावा. ईएफईआर नेहमी वाचून, बदलून लिहावे. त्यात लाँग मोडचा बिट ८ असतो आणि पेजिंग चालू असताना तो बदलू पाहणाऱ्या लिखाणाला प्रोसेसर फॉल्टनेच उत्तर देतो.

या बिटाने मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. पहिला कोअर व्यवस्थित चालत होता, दुसरा मात्र पेजिंग चालू होताच काही सूचनांनंतर कोसळत होता. पेज फॉल्टच्या एरर कोडमधला बिट ३ म्हणजे राखीव बिटाचे उल्लंघन. तो १ आला होता, पण मी तो वाचलाच नव्हता, कारण माझे सगळे लक्ष पत्ता चुकला असावा या संशयावर होते. दुसऱ्या कोअरच्या सुरुवातीच्या कोडमध्ये एनएक्सई लावायचे राहिले होते, एवढाच तो दोष होता. तेव्हापासून माझा पेज फॉल्ट हँडलर एरर कोडचा प्रत्येक बिट शब्दांत छापतो.

इंटेलच्या काही यंत्रांवर एनएक्स असूनही सीपीयूआयडीत दिसत नाही. फर्मवेअरने आयए३२-मिस्क-एनेबल या एमएसआरमधला (हेक्साडेसिमल १ए०) बिट ३४ लावून तो दडवलेला असू शकतो. तो बिट ० करून सीपीयूआयडी पुन्हा वाचावे.

एसएमईपी आणि एसएमएपी

कर्नलच्या पातळीवरून वापरकर्त्याच्या पेजवरचा कोड चालू नये हे एसएमईपी पाहते, आणि त्या पेजवरचा डेटा चुकून वाचला-लिहिला जाऊ नये हे एसएमएपी पाहते. सीआर४ मध्ये त्यांचे बिट अनुक्रमे २० आणि २१ आहेत.

एसएमईपी लावणे सोपे आहे, पण त्याआधी एक तपासणी हवी. सुरुवातीच्या घाईत अनेक छोट्या कर्नलांत सर्वच पेजांवर ‘वापरकर्त्याला मुभा’ हा बिट लावलेला असतो. पेज टेबलाच्या सर्व पातळ्यांवर तो १ असेल, तर प्रोसेसरच्या दृष्टीने ते वापरकर्त्याचे पेज ठरते, मग त्यात कर्नलचाच कोड का असेना. अशा स्थितीत एसएमईपी चालू केला, की पुढचीच सूचना आणता येत नाही, पेज फॉल्टचा हँडलरही तशाच पेजवर असल्याने तोही आणता येत नाही, आणि यंत्र क्षणार्धात रीसेट होते. म्हणून आधी कर्नलच्या पत्त्यांची सर्व पेज टेबले फिरून पाहणारे एक छोटे फंक्शन लिहावे. ते पुढेही वारंवार उपयोगी पडते.

एसएमएपीला मात्र बरीच पूर्वतयारी लागते, कारण कर्नलला वापरकर्त्याची मेमरी कधीकधी वाचावी लागतेच. तेवढ्यापुरती परवानगी फ्लॅग रजिस्टरमधल्या एसी या बिट १८ ने मिळते. एसटीएसी ही सूचना तो १ करते, सीएलएसी तो ० करते. तयारीचा पहिला भाग असा, की वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावणारा सर्व कोड मोजक्या फंक्शनांत गोळा करावा आणि एसटीएसी-सीएलएसीची जोडी केवळ त्यांतच असावी. सिस्टीम कॉलच्या कोडमध्ये कुठेतरी पॉइंटर थेट वापरलेला असतोच. एसएमएपी चालू करून पाहणे हाच असे पॉइंटर शोधण्याचा उत्तम मार्ग आहे.

दुसरा भाग प्रवेशद्वारांचा. वापरकर्ता प्रोग्रॅम स्वतः एसी बिट १ करून कर्नलमध्ये शिरू शकतो, आणि तसे झाले तर कर्नलभर एसएमएपी निष्प्रभ राहतो. सिसकॉलच्या (प्रोग्रॅमला कर्नलमध्ये नेणाऱ्या सूचनेच्या) वाटेवर याचा बंदोबस्त एसएफमास्क या एमएसआरने (हेक्साडेसिमल सी०००००८४) होतो: त्यात जे बिट १ असतील, ते फ्लॅग सिसकॉलच्या वेळी प्रोसेसर आपोआप ० करतो. तेथे एसीबरोबरच इंटरप्ट, दिशा आणि ट्रॅप यांचे फ्लॅगही घालावेत. इंटरप्ट आणि अपवादांच्या वाटेवर मात्र एसी आपोआप उतरत नाही. तेथे प्रत्येक प्रवेशाच्या आरंभीच सीएलएसी लिहावी लागते. आणि ज्या प्रोसेसरात एसएमएपी नाही, तेथे सीएलएसी ही सूचनाच इनव्हॅलिड ऑपकोड ठरते. म्हणून त्या जागी आधी काही न करणाऱ्या सूचना ठेवून, सुविधा सापडल्यावर बूटच्या वेळी त्यांच्या जागी सीएलएसी बसवण्याची पद्धत लिनक्सने स्वीकारली आहे. छोट्या कर्नलात साधी अटही चालेल, पण ती प्रत्येक इंटरप्टवर तपासली जाणार हे लक्षात घ्यावे.

तिसरा भाग पेज फॉल्ट हँडलरचा, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. मागणीनुसार पेज पुरवणारा हँडलर साधारणपणे पत्ता पाहतो, तो वैध आहे आणि पेज जागेवर आहे असे दिसले तर ‘सगळे ठीक आहे’ म्हणून परततो. एसएमएपीच्या उल्लंघनात नेमके हेच घडते: पेज जागेवर असते, पत्ता वैध असतो, फॉल्ट मात्र झालेला असतो. हँडलर परततो, तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट होतो आणि यंत्र गोठल्यासारखे दिसते. तेव्हा कर्नल पातळीवर असताना, वापरकर्त्याच्या पत्त्यावर आणि एसी ० असताना आलेला फॉल्ट हा सरळ कर्नलचा दोष मानून थांबावे.

आणखी एक फट राहते. एसटीएसी आणि सीएलएसी यांच्या मधल्या कोडने शेड्युलरला थेट हाक मारली, तर एसी १ असलेली स्थिती दुसऱ्या थ्रेडकडे वाहत जाते. एक तर या पट्ट्यात झोपणारा कोड लिहायचा नाही असा नियम करावा, किंवा थ्रेड बदलताना फ्लॅगही जपावेत. मी दोन्ही करतो. फ्लॅग जपण्याचा खर्च नगण्य आहे.

फ्लोटिंग पॉइंट, एसएसई आणि एक्ससेव्ह

सुरुवात सीआर० पासून करावी. ईएम (बिट २) आणि टीएस (बिट ३) शून्य, एमपी (बिट १) आणि एनई (बिट ५) एक. एनई शून्य राहिला तर जुन्या फ्लोटिंग पॉइंट चुका अपवादाऐवजी पीसी-एटीच्या काळातल्या इंटरप्टच्या वाटेने येतात. त्यानंतर सीआर४ मध्ये ओएसएफएक्सएसआर (बिट ९) आणि ओएसएक्सएमएमएक्सेप्ट (बिट १०) लावावेत. दुसऱ्या बिटाचा अर्थ ‘एसएसईच्या (एक्सएमएम रजिस्टरे वापरणाऱ्या सूचनांच्या) गणिती चुकांसाठी अपवाद क्रमांक १९ चा हँडलर तयार आहे’ असा आहे. तो लावला नाही तर त्या चुका इनव्हॅलिड ऑपकोडच्या रूपात येतात आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

एक्ससेव्ह (वाढीव रजिस्टरांची स्थिती मेमरीत जपणारी सूचना) असेल तर पुढची पावले अशी. सीआर४ चा बिट १८ लावावा. त्याआधी एक्ससीआर० हे रजिस्टर लिहिणारी एक्सएसईटीबीव्ही ही सूचना चालतच नाही. मग लीफ डी, उपलीफ ० विचारावे. ईडीएक्स आणि ईएएक्स मिळून प्रोसेसर कोणकोणत्या घटकांची स्थिती जपू शकतो, त्यांचा नकाशा मिळतो: बिट ० म्हणजे एक्स८७, १ म्हणजे एसएसई, २ म्हणजे एव्हीएक्स, ५ ते ७ म्हणजे एव्हीएक्स-५१२, ९ म्हणजे पीकेआरयू (पीकेयूचे, म्हणजे पेजांच्या संरक्षण-किल्ल्यांचे, रजिस्टर). या नकाशातून कर्नलला ज्यांची माहिती आहे तेवढेच बिट घ्यावेत आणि एक्ससीआर० मध्ये लिहावेत. प्रोसेसरने दिलेला नकाशा जसाच्या तसा लिहिण्याचा मोह टाळावा, कारण उद्याच्या प्रोसेसरात आज अज्ञात असलेला घटक असेल आणि तो किती जागा मागेल हे आज सांगता येत नाही. नियमही कडक आहेत: बिट ० नेहमी १ हवा, एसएसईशिवाय एव्हीएक्स चालत नाही, आणि एव्हीएक्स-५१२ चे तिन्ही बिट एकत्रच लावावे लागतात. यांपैकी काही चुकले की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट ठरलेला.

एक्ससीआर० लिहून झाल्यावर लीफ डी पुन्हा वाचावे. ईबीएक्स आता चालू केलेल्या घटकांना लागणारी जागा सांगतो, तर ईसीएक्स सर्व शक्य घटकांची कमाल जागा. ही वाचणी लिखाणाच्या आधी केली तर आकडा लहान येतो, आणि मग एक्ससेव्ह शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटते. हिशेब असा: जुना भाग ५१२ बाइट, शीर्षक ६४ बाइट, एव्हीएक्सचे २५६ बाइट, एकूण ८३२. एव्हीएक्स-५१२ सह प्रमाण रचनेत हा आकडा २६८८ वर जातो. जागेचा पत्ता ६४ च्या पटीत हवा. कर्नलचा साधा मेमरी वाटप करणारा कोड १६ च्या पटीत पत्ता देत असेल, तर चारपैकी एखाद्याच वेळी गाडी चालते आणि बाकी वेळा फॉल्ट होतो.

नवा थ्रेड तयार करताना ही जागा पूर्ण शून्य करावी, कारण शीर्षकातले राखीव बाइट शून्य नसतील तर एक्सआरस्टोर (जपलेली स्थिती परत भरणारी सूचना) फॉल्ट देते. पण येथेच एक सापळा आहे. शीर्षकातला नकाशा शून्य असला की घटक आपापल्या प्रारंभिक स्थितीत जातात हे खरे. मात्र प्रमाण रचनेत एमएक्ससीएसआर हे एसएसईचे नियंत्रक रजिस्टर त्याला अपवाद आहे आणि ते मेमरीतूनच भरले जाते. मेमरीत शून्य असेल तर सर्व गणिती अपवादांवरचे झाकण निघते, आणि १ भागिले ३ सारखा पूर्ण न बसणारा भागाकार करताच प्रोग्रॅम अपवाद क्रमांक १९ ने मरतो. म्हणून त्या जागी हेक्साडेसिमल १एफ८० हे मूल्य आधीच लिहून ठेवावे, आणि एक्स८७ च्या नियंत्रक शब्दाच्या जागी ३७एफ.

स्थिती जपायची कधी, याबद्दल पूर्वी आळशी पद्धत लोकप्रिय होती. थ्रेड बदलताना फक्त टीएस बिट लावायचा आणि नव्या थ्रेडने फ्लोटिंग पॉइंटला हात लावला तरच जुनी स्थिती साठवायची. जून २०१८ मध्ये जाहीर झालेल्या लेझी-एफपी दोषाने ही पद्धत मोडीत काढली: आधीच्या थ्रेडची रजिस्टरे प्रोसेसरात तशीच पडून असतात आणि सट्ट्याने पुढे चालणाऱ्या सूचनांमधून त्यांतली मूल्ये फुटू शकतात. नव्या कर्नलने प्रत्येक थ्रेडबदलाला स्थिती जपावी आणि भरावी. एक्ससेव्हऑप्टसारख्या सूचनांमुळे न बदललेले घटक लिहिण्याचा खर्चही वाचतो.

कर्नलचा स्वतःचा कोड मात्र ही रजिस्टरे वापरणारा नसावा. कम्पायलरला केवळ सामान्य रजिस्टरे वापरण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर तो साध्या मेमरी-प्रतीसाठीही एक्सएमएम वापरतो आणि सिस्टीम कॉलमधून परतलेल्या प्रोग्रॅमचे आकडे बिघडलेले असतात. सांकेतिकीकरणासारख्या कामासाठी ती लागलीच, तर आधी स्थिती जपून, थ्रेड बदलणे रोखून, काम झाल्यावर पूर्ववत करणाऱ्या फंक्शनांच्या जोडीतूनच वापरावीत.

सिग्नलची व्यवस्था असेल तर तिच्याकडेही पाहावे. सिग्नल हँडलर चालवण्याआधी ही सर्व स्थिती वापरकर्त्याच्या स्टॅकवर ठेवली जाते. पूर्वीच्या प्रोग्रॅमांनी पर्यायी स्टॅक २०४८ बाइटांचा धरला असेल, तर एव्हीएक्स-५१२ ची स्थिती एकटीच त्यात मावत नाही. एएमएक्सच्या (मॅट्रिक्स गणिताच्या सूचनांच्या) टाइलचा डेटा तर ८१९२ बाइटांचा आहे, आणि म्हणूनच लिनक्स ती सुविधा मागणाऱ्या प्रक्रियेलाच देतो.

उरलेल्या काही सुविधा

पीसीआयडी (सीआर४, बिट १७) लाँग मोडमध्येच आणि सीआर३ चे खालचे १२ बिट शून्य असतानाच लावता येतो. त्यानंतर त्या १२ बिटांचा अर्थ बदलून ते ४०९६ पत्ता-अवकाशांचे क्रमांक होतात, तेव्हा सीआर३ मध्ये पत्ता लिहिणारी कर्नलमधली प्रत्येक जागा तपासावी. यूएमआयपी (बिट ११), म्हणजे कर्नलच्या टेबलांचे पत्ते वापरकर्ता प्रोग्रॅमला वाचू न देणारी सोय, जवळजवळ फुकट मिळतो. फक्त एसआयडीटीसारख्या सूचना वापरणारे जुने प्रोग्रॅम त्यामुळे अडतात. शॅडो स्टॅकसाठीचा (परतीच्या पत्त्यांच्या संरक्षित प्रतीसाठीचा) सीईटी (बिट २३) सीआर० मधला डब्ल्यूपी लावलेला असल्याशिवाय स्वीकारला जात नाही. पाच पातळ्यांच्या पेजिंगचा एलए५७ (बिट १२) लाँग मोडमध्ये असताना बदलता येत नाही, म्हणून त्याचा निर्णय बूटच्या अगदी सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

एफएसजीएसबेस (बिट १६) निरुपद्रवी दिसतो, पण तो तसा नाही. तो लावताच वापरकर्ता प्रोग्रॅम जीएस या सेगमेंट रजिस्टराचा पाया (मूळ पत्ता) स्वतः बदलू शकतो. एनएमआयसारख्या (रोखता न येणाऱ्या इंटरप्टसारख्या) वाटांवर ‘जीएसचा पाया ऋण आहे, म्हणजे आपण कर्नलमध्येच होतो’ असा अंदाज बांधून स्वॅपजीएस (वापरकर्त्याचा आणि कर्नलचा पाया अदलाबदल करणारी सूचना) टाळणारा कोड असेल, तर तो अंदाज आता फसवता येतो. लिनक्समध्ये ही सुविधा २०२० साली, ५.९ या आवृत्तीत आली, आणि तिच्या वाटेतला मुख्य अडथळा हे प्रवेशद्वारांचे कामच होते. तो कोड नव्याने लिहिल्याशिवाय हा बिट लावू नये.

प्रत्येक कोअर आणि प्रत्येक जाग

सीआर०, सीआर४, ईएफईआर, एक्ससीआर० आणि सिसकॉलचे एमएसआर ही सर्व रजिस्टरे प्रत्येक कोअरची स्वतंत्र असतात. दुसरे कोअर रिअल मोडमध्ये आणि सीआर४ शून्य असताना उठतात. त्यामुळे सुविधा चालू करणारे एकच फंक्शन असावे आणि पहिल्या कोअरसह सर्वांनी तेच चालवावे. एनएक्सई मात्र पेजिंग चालू होण्याआधी लागत असल्याने तो सुरुवातीच्या असेंब्लीतच राहील. एका कोअरवर एक्ससीआर० मध्ये एव्हीएक्स आणि दुसऱ्यावर नाही अशी तफावत राहिली, तर थ्रेड दुसऱ्या कोअरवर जाताच एक्सआरस्टोर फॉल्ट देते.

सर्व कोअर सारखेच असतात हेही गृहीत धरू नये. २०२१ च्या आल्डर लेकमध्ये मोठ्या कोअरना एव्हीएक्स-५१२ येत होते, लहान कोअरना नाही, आणि शेवटी इंटेलला ते एकंदरीतच बंद ठेवावे लागले. म्हणून प्रत्येक कोअरने आपले सीपीयूआयडी वाचून पहिल्या कोअरच्या तक्त्याशी ताडून पाहावे आणि कमी पडले तर मोठ्याने तक्रार करावी. एआरएम६४ या वेगळ्या प्रोसेसर-कुळात मिश्र कोअरची रूढी जुनी असल्याने तेथील लिनक्समध्ये सर्व कोअरांना मिळून सुरक्षित ठरेल असे सामाईक मूल्य काढण्याची यंत्रणाच आहे.

यंत्र झोपून उठते तेव्हाही हेच फंक्शन पुन्हा चालवावे लागते. या जागेचा विसर पडला की सर्व काही चालते, फक्त संरक्षण नाहीसे झालेले असते, आणि कोणताही अपवाद ते सांगायला येत नाही.

तपासणी

लिहिल्यानंतर सीआर४ आणि एक्ससीआर० परत वाचून अपेक्षित मूल्याशी ताडावीत. मग प्रत्येक सुविधेसाठी मुद्दाम अपराध करणारी छोटी चाचणी लिहावी: एनएक्स पेजवर उडी, वापरकर्त्याच्या पत्त्यावर कर्नलमधून उडी, एसटीएसीशिवाय वाचन. तिन्ही वेळा फॉल्ट आला तरच सुविधा चालू आहे असे म्हणावे. एव्हीएक्ससाठी एकाच कोअरला जखडलेले दोन थ्रेड घ्यावेत. दोघांनी सोळाही वायएमएम रजिस्टरांत आपापला ठसा भरावा, आणि एकमेकांना आलटून पालटून जागा देत प्रत्येक वेळी संपूर्ण २५६ बिट तपासावेत. केवळ खालचे १२८ बिट तपासणारी चाचणी एफएक्ससेव्हवरही उत्तीर्ण होते.

क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे मॉडेल ‘मॅक्स’ ठेवून त्यातली एकेक सुविधा काढून टाकता येते, अपवादांची नोंद फाइलीत घेता येते आणि ट्रिपल फॉल्टनंतर रीसेट न होता थांबवता येते. सुविधा असलेल्या यंत्रावर चाचणी सगळेच करतात. नसलेल्या यंत्रावर करायची राहून जाते. एसएमएपी काढलेल्या मॉडेलवर कर्नल एकदा बूट करून पाहावा. प्रवेशद्वारात एखादी विनाअट सीएलएसी राहिली असेल, तर पहिल्याच टायमर इंटरप्टला ती सापडते.